साष्टी : दोनदा गेलेली, एकदा घेतलेली

जोगेश्वरी पूर्वेला वस्तीच्या पोटात एक लेणं आहे. सहाव्या शतकात पाशुपत शैवांसाठी खडक वरून खाली फोडत कोरलेलं. पूर्वेकडून आत शिरावं तर पायऱ्या उतरत जावं लागतं. मधल्या गाभाऱ्याभोवती खांबांची रांग आहे, दारांवर लकुलीश आणि शिवपार्वतीचे झिजलेले प्रसंग आहेत, आणि खडकाच्या माथ्यावर आजच्या माणसांची घरं. भारतातल्या सर्वांत मोठ्या ब्राह्मणी लेण्यांत त्याची गणना होते. जुन्या युरोपीय वर्णनांत याला आंबोलीचं लेणं म्हटलेलं सापडतं, कारण तेव्हा हा भाग आंबोली गावात मोडत असे. त्या वेळी मुंबई वेगळी होती आणि ही भूमी साष्टी होती. वांद्र्यापासून घोडबंदरापर्यंत आणि वेसाव्यापासून ठाण्यापर्यंतचं, चहूबाजूंनी खाड्यांनी वेढलेलं भाताचं आणि ताडामाडाचं बेट.

युरोपने खंडच्या खंड घशात घातले, ते वाचताना आपल्या डोळ्यांसमोर कोर्तेस आणि पिझारो येतात. मेक्सिकोची राजधानी 1521 मध्ये पडली. पेरूचा इंका आताउआल्पा 1532 च्या नोव्हेंबरात काहामार्काच्या चौकात पकडला गेला आणि पुढच्या वर्षी कुस्को स्पॅनिशांच्या ताब्यात गेलं. त्यानंतर जेमतेम वर्षभराने, 23 डिसेंबर 1534 रोजी, वसईजवळच्या समुद्रात एका पोर्तुगीज जहाजावर गुजरातच्या सुलतान बहादूरशहाच्या वतीने एका तहावर शिक्का झाला. त्या शिक्क्याने वसई, साष्टी आणि मुंबईची सात बेटं पोर्तुगालच्या राजाकडे गेली. लढाई झाली नाही असं नाही. गव्हर्नर नुनो द कुन्याने आदल्याच वर्षी वसई लुटून जाळली होती. पण साष्टी गेली ती मुख्यतः कागदावर, आणि जिथली होती तिथल्या माणसाला कुणी विचारलंही नाही. बहादूरशहाला त्या क्षणी मुघल बादशहा हुमायूनची भीती होती. हुमायूनला थोपवायचं तर समुद्राकडचा शत्रू शांत हवा, म्हणून त्याने दूरचं एक बेट देऊन टाकलं. त्याला त्याचा उपयोग फारसा झाला नाही. 1537 च्या फेब्रुवारीत दीवच्या समुद्रात फिरंग्यांशी झालेल्या झटापटीतच तो मेला.

मग सुरू झाली खरी जप्ती. पोर्तुगालच्या राजाने गावं वाटायला सुरुवात केली. लढाईत कामगिरी केलेल्या सरदारांना, विधवांना, पाद्र्यांच्या संघांना, राजवैद्यांना. ठरावीक वार्षिक भाडं, ज्याला फोरो म्हणत, ते भरायचं आणि गरज पडली तर घोडा व बंदूकवाले द्यायचे. गार्सिया द ओर्ता नावाच्या वैद्याला तर चक्क मुंबई बेटच असं भाड्याने मिळालं. औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ 1563 साली गोव्यात छापला गेला आणि आजही वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव काढलं जातं. ही रचना पुढे आफ्रिकेत पोचली, ही गोष्ट आपल्याकडे कमी सांगितली जाते. झांबेझी नदीच्या खोऱ्यात पोर्तुगीजांनी जे प्राझो नावाचे जमीनदारी पट्टे दिले, त्यांचा नमुना वसईच्या या उत्तर प्रांतातलाच होता. गाव तीन पिढ्यांसाठी द्यायचं, मुलीच्या हातून पुढे न्यायचं, आणि तिने लग्न पोर्तुगीजाशीच करायचं. साष्टीच्या भातखाचरांवर जी पद्धत आजमावली ती मोझांबिकच्या नदीकाठी वापरली गेली. जग जिंकण्याच्या कामात साष्टी ही एक प्रयोगशाळा होती, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

जमिनीमागून देव आले. अंतोनियो दु पोर्तु या फ्रान्सिस्कन पाद्रीने बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या शैव लेण्याला चर्च केलं, त्याच्या माथ्यावर मठ बांधला. आतल्या शिल्पांवर भिंत आणि गिलावा चढला, आणि त्या गिलाव्याआड ती शिल्पं वाचली हे नशीब. कान्हेरीत राहणाऱ्या म्हाताऱ्या जोग्यांना बाप्तिस्मा दिला, असं पोर्तुगीज इतिहासकार दिओगो दु कूतो लिहून ठेवतो. जोगेश्वरीचं लेणं मात्र चर्च झालं नाही. जवळच मरोळच्या कोंदिवट्यात, आज जिथे सीप्झच्या इमारती आहेत, तिथे सेंट जॉन द बाप्टिस्टचं चर्च 1579 च्या सुमाराचं. एकोणिसाव्या शतकातल्या साथीनंतर तिथली माणसं मरोळला गेली आणि चर्च ओसाड पडलं. त्याची भिंत अजून उभी आहे. या धर्मांतरात दडपशाही होती, लोभ होता आणि सोयही होती. पण साष्टीतला कोळी, आगरी, भंडारी, कुणबी त्यानंतर मराठीच बोलत राहिला, हेही तितकंच खरं.

इथवर सारं फिरंग्यांच्या बाजूने चाललेलं दिसतं. पण जगभरच्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. अशा राजवटीविरुद्ध पहिला माणूस उभा राहतो तो बहुतेकदा जमीन गेलेला जमीनदार असतो. अंगोलात पोर्तुगीजांशी चाळीस वर्षं झुंजलेली न्दोंगोची राणी न्झिंगा 1663 मध्ये वारली. तिचंही भांडण आधी राज्याचं आणि करांचं होतं, मग ध्वजांचं. साष्टीत ती जागा मालाडच्या देसायाने घेतली. अंताजी रघुनाथ कावळे हा तो मालाडचा देसाई. जोगेश्वरीहून गोरेगाव ओलांडलं की मालाड, म्हणजे आजच्या लोकलने तीन स्टेशनं. धार्मिक छळाला तो बधला नाही, त्याचं वतन गेलं आणि तो पुण्याच्या आश्रयाला पोचला. दुसरे होते भिवंडीजवळच्या अंजूरचे नाईक. गंगाजी नाईक आणि त्याचे भाऊ यांनी वर्षानुवर्षं पुण्याच्या दारात फेऱ्या मारल्या. खाडीचा उतार कुठे आहे, भरती किती वाजता येते, कोणत्या बुरुजावर किती माणसं असतात, कोणता कोळी आपला आणि कोणता त्यांचा, ही माहिती त्यांच्याकडे होती. कल्याण आणि वसई परगण्यातले आणखीही काही लोक या कटात सामील होते.

पुण्याला मात्र घाई नव्हती. पेशवा बाजीराव माळव्यात आणि बुंदेलखंडात गुंतलेला. 1730 च्या सुमारास पिलाजी जाधवाने साष्टीत आणि आसपास धामधूम केली खरी, पण मग तह झाला. या सगळ्या वर्षांत पुण्याच्या दरबारी राजकारणात साष्टी ही कोकणातली एक किरकोळ तक्रार होती. अंजूरकरांचा चिवटपणा नसता तर ती तशीच राहिली असती. आपण बाजीरावाच्या भावाचं, चिमाजी आप्पाचं नाव घेतो, ते घ्यायलाच हवं. पण पुण्याला ठाण्याची वाट दाखवणारे लोक मालाड आणि अंजूरचे होते, ही गोष्ट त्या नावाच्या मागे झाकली जाते.

संधी फिरंग्यांनीच दिली. उत्तरेचा जनरल म्हणून आलेला लुईस बोटेल्यो हा उर्मट आणि आततायी गृहस्थ. बाजीरावाच्या वकिलासमोर त्याने बाजीरावाला काळा म्हणून हिणवलं, अशी कथा सांगतात. ठाण्याला नवा किल्ला बांधणं चालू होतं आणि तो अर्धवट होता. बांधून पूर्ण झाला असता तर साष्टीचं दार बंद झालं असतं. म्हणून 1737 च्या वसंतात, जुन्या कालगणनेने मार्चच्या शेवटी, चिमाजी आप्पाच्या फौजा एका रात्री खाडी ओलांडून कळव्याच्या बाजूने ठाण्यावर पडल्या. खंडोजी मानकर, होनाजी बलकवडे ही नावं या हल्ल्यात पुढे येतात. बोटेल्योला पळावं लागलं आणि ठाणं पडलं. त्याच सुमारास शंकराजी केशव फडक्यांची तुकडी वसईच्या अंगाने राजोडी आणि अर्नाळ्याकडे निघाली होती. ठाणं पडलं तसं साष्टीचं पाणीच तुटलं. आंबोली, मरोळ, मालाड, पवई या गावांतून फिरंग्यांचे मालक वसईकडे आणि मुंबईकडे पळाले. साष्टीच्या टोकांवर वेसावे आणि वांद्रे मात्र फिरंग्यांकडे उरले.

मग दोन वर्षं लागली. इथे मोहिमेची गोष्ट थोडी चिखलात रुतते आणि ते सांगायला हवं, नाहीतर वसई एका झटक्यात पडली असं वाटतं. पहिल्या धडाक्यात वसई घ्यायचा प्रयत्न फसला. 1737 च्या अखेरीला बाजीराव निजामाशी भोपाळला भिडला, फौज तिकडे गेली. पोर्तुगालने गोव्याहून पेद्रो द मेलो नावाचा अनुभवी सेनापती पाठवला. 1738 च्या अखेरीस ठाणं परत घ्यायला तो जहाजांतून आला आणि ठाण्यासमोरच्या पाण्यातच तोफेच्या गोळ्याने मेला. फिरंग्यांनी मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली. इंग्रजांनी काही दारूगोळा दिला, सल्ला दिला, आणि हात आखडता घेतला. मराठे इथे आले तर आपल्या पुढ्यात येतील, पण फिरंगी इथे राहिले तर आपला व्यापार अडेल. त्यांना नेमकं काय हवं होतं हे बहुधा त्यांनाही ठरवता आलं नव्हतं.

1739 च्या जानेवारीत चिमाजी पुन्हा उतरला आणि या वेळी सगळी फळी एकदम आवळली. केळवे-माहीम पडलं. तारापूर पडलं, पण तिथे बाजी भिवराव रेठरेकर ठार झाला, आणि पेशव्यांच्या घरी ती बातमी घरच्या माणसाच्या मृत्यूसारखी लागली. वेसाव्याचा मढचा किल्ला फेब्रुवारीच्या सुमारास आला. ज्या खाडीच्या तोंडाशी ओशिवरा नदी मिळते तिच्यावर हा किल्ला पहारा देतो; तो पडल्यावर जोगेश्वरीच्या मागच्या बाजूचं पाणीही मराठ्यांचं झालं. धारावीचा किल्ला, म्हणजे उत्तनजवळचा, मागाहून आला. मग उरली वसई.

फेब्रुवारीपासून मे पर्यंत वेढा चालला. वसईला तीन बाजूंनी पाणी आणि चौथीकडे वाळूची पट्टी. तिथे खंदक खणायचे, मोर्चे पुढे न्यायचे, सुरुंग लावायचे, आणि वरून तोफा ओततात. एक सुरुंग उडाला, भिंतीला भगदाड पडलं, मराठे आत घुसले, आणि मग राहिलेले सुरुंग उशिरा उडाले ते स्वतःच्याच माणसांवर. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढाई झाली. किल्ल्यातला सिल्व्हेरा द मेनेझेस हा नायक मारला गेला होता. त्याच्या जागी आलेल्या काएतानु द सौझा पेरेराने पांढरं निशाण लावलं. 16 मे 1739 रोजी करार झाला आणि आठवड्याभरात फिरंगी शस्त्रं घेऊन, ढोल वाजवत किल्ल्याबाहेर पडले. किल्ल्यात मागे राहणाऱ्या ख्रिस्त्यांना धर्माची मोकळीक देण्याचं कलम त्यात होतं. दिल्लीत त्याच मार्चमध्ये नादिरशहाने कत्तल केली होती, आणि तिकडून कुमक मागणारी पत्रं वसईच्या छावणीत येत होती. चिमाजी उठला नाही. मराठ्यांचे पाच हजारांच्या आसपास लोक या एका वेढ्यात कामी आले, असा अंदाज इतिहासकार देतात. चिमाजीने तोफेला स्वतःला बांधून आपलं डोकं किल्ल्यात टाका म्हटलं, ही आख्यायिका मात्र किल्ल्यावरच्या वाटाड्यांसाठी ठेवावी. पाच हजार मुडदे पुरेसे असताना ती लागत नाही.

पोर्तुगीजांच्या हिशोबाने त्यांची 340 खेडी, 20 किल्ले, चार मोठी बंदरं आणि आणखी बरंच काही गेलं. अमेरिकेत आणि आफ्रिकेत त्यांच्याविरुद्ध कुणी जिंकलं नाही असं नाही. ओमानच्या अरबांनी मोंबासाचा किल्ला 1698 मध्ये घेतला होता. पण एक पूर्ण प्रांत, दोनशे वर्षं मुरलेला, मठाचर्चांसकट, देशी सैन्याने मैदानात आणि वेढ्यात घेतला, ही गोष्ट त्या काळात विरळ होती. वसईच्या घंटा मग देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली आणि भीमाशंकरची घंटा वसईच्या लुटीतली आहे. त्या ओतल्या गेल्या त्या चर्चसाठी. मंडपेश्वर पुन्हा देवळात बदललं. वज्रेश्वरीला चिमाजीने नवस फेडला.

विजयानंतर साष्टीत काय झालं हे लोक विचारत नाहीत, कारण ते विजयाइतकं रंगतदार नाही. पाद्री युरोपियन होते ते गेले, पण देशी पाद्री राहिले आणि चर्चही राहिली. 1760 मध्ये अवेस्ताच्या शोधात भारतात भटकणारा आंकेतिल-दुपेरॉं नावाचा फ्रेंच तरुण साष्टीत फिरला. कान्हेरी आणि जोगेश्वरी दोन्ही लेणी त्याने पाहिली आणि ती त्याच्या नोंदीत आली. ठाण्याच्या चर्चमधल्या सणाला हजारो ख्रिस्ती लोक जमल्याचंही त्याने लिहिलं. मराठ्यांचं राज्य स्वर्ग नव्हतं. कर जास्त होते, वसईकडे फडक्यांच्या काळात शुद्धीकरणाचे प्रकारही झाले. पण फिरंग्यांनी गेलेल्या देवांना जसा थारा दिला नव्हता, तसं इथे झालं नाही.

बाजीराव 28 एप्रिल 1740 रोजी नर्मदाकाठी गेला, चिमाजी त्याच डिसेंबरात पुण्यात. जिंकणारे दोघे वर्ष-दीड वर्षात संपले. आणि मग नानासाहेब पेशव्याच्या काळात पुण्याने एक गोष्ट केली जिची किंमत साष्टीने चुकवली. तुळाजी आंग्र्याशी भांडण झालं म्हणून पेशव्याने इंग्रजांना बरोबर घेतलं, आणि 1756 च्या फेब्रुवारीत विजयदुर्गावर मराठी आरमार जळून खाक झालं. जहाजं आंग्र्याची होती, पण खाडीत उभी राहिली असती तर ती साष्टीच्याही कामी आली असती. समुद्रावरचा एकमेव धाक आपल्याच हाताने घालवला आणि मुंबईच्या इंग्रजांना वाट मोकळी झाली. मला वाटतं, साष्टी खरं तर त्या दिवशी गेली.

इंग्रज थांबले होते ते मराठ्यांच्या भीतीपोटी. वसई पडल्यावर मुंबईच्या व्यापाऱ्यांनी 30 हजार रुपये जमवून किल्ल्याभोवती खंदक खणला होता, तोच मराठा खंदक. त्यानंतर तीसेक वर्षं त्यांचं लक्ष साष्टीवर होतं. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात पेशवा नारायणरावाचा खून झाला. गादीवर आलेला त्याचा काका राघोबादादा पदच्युत होऊन पळत सुटला आणि मुंबईच्या इंग्रजांना तो हवाच होता. साष्टी आणि वसई द्या म्हणजे फौज देऊ, एवढंच त्यांचं म्हणणं. राघोबा कां कूं करत होता. त्याच वेळी लिस्बनहून पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला निघालं अशी आवई उठली. इंग्रजांना हे कारण पुरलं. ठाण्याच्या किल्लेदाराला फोडण्याचं बोलणं आधी करून पाहिलं. ते जमेना म्हणून जनरल गॉर्डनच्या हाताखाली गोरे आणि देशी शिपाई रवाना केले. आठ दिवस तोफा चालल्या. 27 डिसेंबर 1774 चा पहिला हल्ला मराठ्यांनी परतवला, इंग्रजांची बरीच माणसं पडली. 28 डिसेंबरच्या रात्री किल्ला पडला आणि आतल्या शिबंदीची कत्तल झाली. आरमाराचा कमोडोर वॉटसन जखमी होऊन मेला. वेसावे लगेच गेलं. नवीन वर्ष उजाडलं तेव्हा साष्टी इंग्रजांची झाली होती.

दोन वर्षं झुंजून घेतलेला मुलूख पंधरवड्याच्या आत गेला. ठाण्यात शिबंदी शौर्याने लढली, त्यात शंका नाही. पण त्यांच्या मागे पुणं नव्हतं. कारभाऱ्यांना आधी राघोबा आवरायचा होता. फितुरीला, भांडणाला आपण नशीब म्हणतो, पण साष्टीच्या बाबतीत ते सरळ सरळ घरचं राजकारण होतं. अंताजी रघुनाथ वतन गमावून पुण्याला गेला तेव्हा पुण्यात निदान ऐकणारा एक कान होता. 1774 मध्ये साष्टीतून कुणी धावत गेला असता तरी त्याला कोणत्या गटाच्या दारात जायचं हे आधी विचारलं असतं.

पुढचं भराभर झालं. 1775 च्या मार्चमध्ये सुरतेच्या तहाने राघोबाने साष्टी आणि वसई इंग्रजांना लिहून दिली. कलकत्त्याच्या वरिष्ठ इंग्रज सरकारने तो तह मोडून 1776 च्या मार्चमध्ये पुरंदरचा केला आणि साष्टी मात्र ठेवली. 1779 च्या जानेवारीत वडगावला मराठ्यांनी मुंबईच्या फौजेला कोंडलं आणि साष्टी परत करण्याचं लिहून घेतलं, तेव्हा इंग्रजांनी ते करारपत्र मान्य करायचंच नाकारलं. 1780 च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती गॉडर्डने वसई घेतली. अखेर 17 मे 1782 च्या सालबाईच्या तहात वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी नाही. मुंबईला लागून असलेलं बेट कुणी सोडणार नव्हतं.

मग पोर्तुगीजांनी जे केलं तेच इंग्रजांनी सुधारून केलं. गावांची मोजणी झाली आणि इंग्रजांच्या मर्जीतल्या व्यापाऱ्यांना पट्टे मिळाले. 1829 च्या सुमारास पवईचा पट्टा फ्रामजी कावसजींना. शीवचा बांध 1805 मध्ये, माहीमचा 1845 मध्ये पूर्ण झाला आणि साष्टी बेट राहिलं नाही.

आणि त्या बांधांच्या आधीचा एक दिवस, 31 डिसेंबर 1802. होळकराकडून पुण्यात पराभव होऊन पळालेला दुसरा बाजीराव, राघोबादादाचा मुलगा आणि पहिल्या बाजीरावाचा नातू, इंग्रजांच्या आश्रयाला वसईला येऊन पोचला होता. त्याच्या चुलत आजोबाने, चिमाजी आप्पाने, पाच हजार माणसं खर्ची घालून जे ठिकाण घेतलं होतं तिथेच त्याने तहावर सही केली. इंग्रजांच्या सहा पलटणी पुण्याला कायम ठेवायच्या, त्यांच्या खर्चासाठी 26 लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, आणि इंग्रजांच्या संमतीशिवाय दुसऱ्या कुणाशी बोलणी करायची नाहीत.